राख सावडायच्या आधी

द्वारकेने आणि मी शेवटचं मिळून काही केलं असेल, तर वाल सोलले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुपारची जेवणं उरकली होती, ओटीवर सावली आली होती, मोठ्या परातीत कोमट पाणी आणि त्यात मोड आलेले कडवे वाल. ती परातीच्या एका अंगाला, मी दुसऱ्या. बिरडं करायचं म्हणजे एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल बोटात राहते आणि डाळिंबी सुळकन पाण्यात पडते. तिची पाण्यात पडायची. माझी कधी भिंतीवर, कधी तिच्या पदरावर.

"अवो, पानी परातीत हाय. भिंतीला कशाला मारता?"

"बोटं जाड आहेत माझी."

"बोटं नाय, ध्यान जाड हाय. जाळं कसं विणत होतात काय म्हाइत."

पन्नासएक वर्षं हेच ऐकत होतो. त्यात रागवायचं काही नव्हतं. ती सोलता सोलता बोलत होती. बाजारात कोळंबीचा भाव काय झाला, समोरच्या आळीत हळदीला लावलेल्या डीजेने कपाटातली भांडी कशी हलत होती, असं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "सानूनं सोताच्या तोंडानं मागितलंय बिरडं. सकाळी शाळंत जाताना म्हनाली, आजी, रात्री बिरडं कर. तुमी तिच्याम्होरं काय बोलू नका हां. कौतुक बी नको." मी मान हलवली. वर्षभरात त्या पोरीने स्वतः होऊन एखादं खाणं मागितलं, ते पहिल्यांदाच. द्वारका खुशीत होती, पण खुशी दाखवायची नाही असं इस्पितळात तिला शिकवलं होतं, म्हणून ती वालांवर जोर काढत होती.

सोलून झाल्यावर तिने परात झाकली, हात धुतले, "जरा पडते" म्हणाली आणि आत जाऊन पडली. चारच्या चहाला सानू तिला हाक मारायला गेली. हाक दोनदा ऐकू आली, तिसऱ्यांदा नाही. मी आत गेलो तर पोरगी आजीचा हात धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, जणू मी काहीतरी करणार होतो.

हे लिखाण मी माझ्या लहानपणावर करायला बसलो होतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षर कोंबडीच्या पायाचं, तरी बसलो. खाडी, होडी, बाप, सगळं मागच्या पानांत लिहून झालंय. पण या प्रकरणातलं वाढीचं वय माझं नाही, माझ्या नातीचं आहे. सानूला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिहा आबा, पण मला बिचारी करू नका." नाही करत.

आमचं घर पनवेलच्या कोळीवाड्यात, खाडीच्या अंगाला. तरणा होतो तेव्हा खाडीत होडी टाकायचो. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मासळी गेली, मग टेम्पो घेतला आणि करंजाहून मासळी आणून पनवेलच्या बाजारात टाकायला लागलो. विकायची द्वारका. माझा मुलगा महेश बंदरावर कामाला, सून वैशाली एका ऑफिसात, म्हणजे सानू वाढली ती आमच्या दोघांच्या हाताखाली. आजीच्या मांडीवर बसून भाजलेला बोंबील खाणारी पोरगी ती. काटा कसा काढायचा हे तिला बोलायच्या आधी कळत होतं. आमच्या घराचे आवाज म्हणजे सकाळी कोयत्याला दगडावर धार, दुपारी मिक्सर, संध्याकाळी टीव्हीतल्या बायांची भांडणं आणि त्यावर द्वारकेची कॉमेंट्री. जेवायला बसलं की सगळे एकदम बोलणार. गप्प जेवणारं माणूस आमच्यात आजारी समजतात.

तर सानू आठवीत असताना जेवताना गप्प बसायला लागली. आधी म्हणाली, सोमवारचा उपास धरते. मग गुरुवार आला. श्रावण आला. नवरात्र तिने नुसत्या पाण्यावर काढायचं ठरवलं तेव्हा उरणहून माझी थोरली बहीण आली होती. तिला आम्ही सगळे बाय म्हणतो, नव्वदीला आली तरी तीच घराची मुकादम. बायने सानूला जवळ ओढून कडाकडा बोटं मोडली. "आताच्या पोरी पिझ्झे खातात, न् ही बघा. देवाची हाय पोर." आम्हीही मान डोलावली. आमच्यात जी बाई उपास करते ती चांगली, आणि जी कडक उपास करते ती जास्त चांगली. पुरुष काय, नारळी पौर्णिमा सोडली तर देवाला कोणी विचारत नाही, सगळी भक्ती बायकांच्या पोटावर. त्यामुळे पोरीने ताट सरकवलं की घरात काळजी वाटायच्या ऐवजी मान वाटत होता.

दुसरी गोष्ट म्हणजे ती रांधायला लागली. रविवारी आईला बाजूला सारून स्वतः भाकऱ्या थापायची, कालवण करायची, आम्हाला वाढायची आणि आम्ही खाताना समोर बसून बघायची. "आबा अजून घ्या ना, आजी अजून एक घे." मी शेजारच्यांना सांगत फिरायचो की नात सुगरण निघाली. ती स्वतः कधी खायची, तर म्हणायची, करताना चाखत होते. आता इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर कळतं की हे त्या आजाराचंच एक लक्षण आहे. उपाशी माणसाच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही राहत नाही. मला तर हे कळायला हवं होतं, लहानपणी भुकेल्या पोटी मी दुसऱ्यांच्या चुलीचा धूर मोजत बसायचो. पण माझी भूक टोपात काही नसल्याची होती. भरल्या टोपाशेजारी कोणी तशीच भूक घेऊन बसेल, हे माझ्या टकुऱ्यात शिरलं नाही.

ओळखलं द्वारकेने. भर मे महिन्यात, पंख्याखाली आम्ही घामाने निथळत असताना, सानू स्वेटर घालून बसली होती. द्वारकेने तिच्या हाताला हात लावला तर बर्फ. मग तिने वैशालीला मोरीत नेऊन हळूच विचारलं की पोरीची पाळी कधी येऊन गेली. वैशालीला सांगता येईना. दोघी बाहेर आल्या तेव्हा दोघींचे चेहरे पांढरे पडले होते. केस गळत होते, जिना चढताना पोरगी कठडा धरत होती, हे सगळं आम्ही रोज बघत होतो. रोज बघितलेलं दिसत नाही.

त्यानंतरचे काही महिने मी लवकर लिहून टाकतो, मला त्यांत रमायचं नाही. नाक्यावरच्या डॉक्टरने टॉनिक दिलं. बायने दृष्ट काढली. नेऱ्याकडे एक भगत आहे, त्याने लिंबू उतरवलं. घरात आरडाओरडा झाला, महेशने एकदा ताट भिंतीवर आपटलं, द्वारकेने नातीच्या पायावर डोकं ठेवलं. कशाने काही झालं नाही. ती ताटातलं कुठे नाहीसं करायची ते मी इथे लिहिणार नाही. दुसऱ्या कुणा पोरीच्या हातात हे पान पडलं तर ती ते शिकेल, असं डॉक्टरबाईंनी बजावलंय. शेवटी शाळेत चक्कर येऊन पडली आणि मोठ्या इस्पितळात न्यावी लागली. तिथे या डॉक्टरबाई भेटल्या, मनाच्या डॉक्टर, तरुण, नाकात चमकी, बोलणं आमच्यासारखंच सरळ.

आजाराचं नाव इंग्रजी आहे. सानूने इथे लिहून दिलंय: ॲनोरेक्सिया. मी डॉक्टरबाईंना तोंडावर विचारलं, "बाई, हा आजार की माज? आमच्या वेळी खायला नव्हतं, आता आहे तर नको, याला आम्ही माज म्हणतो." सानू शेजारी बसली होती. तिच्यासमोर बोललो.

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आबा, तुम्ही तापात असलेल्या माणसाला म्हणाल का, थंड हो म्हणून? तिला खायचं नाही असं नाही. तिच्या डोक्यात एक आवाज बसलाय, तो तिला खाऊ देत नाही. घास उचलला की तो तिच्यावर ओरडतो. आणि न खाल्लं की शाबासकी देतो. तुम्ही सगळ्यांनी त्या आवाजाच्या बाजूने बोलायचं की तिच्या बाजूने, तेवढं ठरवा."

मी म्हणालो, "आम्ही त्याच्या बाजूने कशाला बोलू?"

"बोलता की. उपासाचं कौतुक कोणी केलं?"

मला बायची कडाकडा मोडलेली बोटं आठवली. पुढे त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मी विसरलो नाही. की औषध म्हणजे जेवण. ठरल्या वेळी, ठरलेलं, कोणीतरी समोर बसून, आणि चुकवू द्यायचं नाही. हा आजार जीव घेणाऱ्यांतला आहे. पोरगी सुधारली तरी घर हादरलं, परीक्षा आली, कोणी गेलं, की तो परत दार ढकलून बघतो. एक जेवण चुकलं की दुसरं चुकवायला सोपं जातं.

समोर बसायचं काम द्वारकेने घेतलं. वैशालीला ऑफिस, महेशला पाळ्या, आणि मला धीर नाही. द्वारका आपलं ताट घेऊन सानूपुढे बसायची, तेच खायची, आणि ताटाबद्दल एक शब्द बोलायची नाही. मी विचारलं, एवढी तोंडाळ बाई, गप्प कशी राहतेस? तर म्हणाली, "मासळी विकताना गिऱ्हाइक घेऊ का नको करतं ना, तवा त्याच्या तोंडाकडं बघायाचं नाय. बघितलं की ते पळतं. आपलं कापत ऱ्हायाचं, बोलत ऱ्हायाचं दुसरंच कायतरी. पन पाटावरनं उठायाचं नाय. उठलं की गेलं गिऱ्हाइक." तशी ती बसायची. कधी पोळी गार व्हायची, भात सुकून कडक व्हायचा, पोरगी रडायची, "आजी, मी तुझा राग करते" म्हणायची. द्वारका म्हणायची, "कर. रागानं खा." आणि पुन्हा बाजारातली गोष्ट सुरू.

दर शनिवारी इस्पितळात अशा पोरांच्या घरच्यांची बैठक असते. एक खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, चहा. आम्ही दोघं जायचो. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही साहेब लोकांची जत्रा, आपलं इथे काय? पण सगळ्यांचं तेच. कामोठ्याचे सावंत म्हणून बँकेतले एक साहेब आहेत, त्यांच्या मुलाला आहे. हो, मुलगा. मला वाटायचं हे पोरींचंच दुखणं. सावंत पहिल्या दिवशी म्हणाले, "मी त्याला जिममध्ये घातलं आणि बारीक झाला म्हणून बक्षीस दिलं." सगळी खोली कसनुशी हसली, कारण प्रत्येकाने काहीतरी तसंच केलं होतं. तिथे कोणी कोणाला दोष लावत नाही. तिथेच कळलं की एका टोमण्याने किंवा एका उपासाने हे होत नाही. तसंच आई-बापाने केलं म्हणूनही होत नाही. त्या दिवशी वैशालीही आली होती, घरी येऊन ती पहिल्यांदा शांत झोपली असेल.

मी आजही जातो शनिवारी. नवे आई-बाप येतात, त्यांच्या तोंडावर तेच भाव असतात जे माझ्या तोंडावर होते. कोणी विचारलं, नात बरी झाली का, तर मी खोटं सांगत नाही. आता कॉलेजात जाते, हसते, माझ्याशी भांडते. काही दिवस वाईट येतात. ते दिवस आले की ती आता सांगते, एवढा फरक. हा फरक लहान नाही.

तर त्या दिवशी. चार वाजून गेल्यावर घर भरलं. आमच्या आळीत माणूस गेलं की कोणाला बोलवावं लागत नाही. दिवस मावळायच्या आत द्वारकेला नेलं. परत आलो तेव्हा शेजारच्या बायांनी घर धुतलं होतं, जिथे तिला ठेवलं होतं तिथे पिठावर दिवा लावला होता, आणि रीतीप्रमाणे घरात शिजलेलं, भिजलेलं सगळं बाहेर नेऊन टाकलं होतं. परात रिकामी, पालथी. त्यांचं चुकलं नाही. त्यांना काय ठाऊक त्यात काय होतं. सानू त्या पालथ्या परातीकडे बघत मोरीच्या दारात उभी होती.

आमच्यात राख सावडेपर्यंत घरात चूल पेटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, माणसं स्मशानात जातात, राख-अस्थी गोळा करतात, आणि मग परत आल्यावर पुढचं. तोवर शेजारी आणून देतील ते. त्या संध्याकाळी पिठलं-भात आला. आम्ही सगळे रांगेने भिंतीला टेकून बसलो होतो. वैशालीने सानूपुढे ताट ठेवलं. सानूने ते सरकवलं. वैशाली हलकेच म्हणाली, "सानू, थोडं तरी. ठरलंय ना आपलं."

तर बाय, जी संध्याकाळीच उरणहून येऊन पोचली होती, वैशालीवर कडाडली. "अगो, काय सतावतंस पोरीला? आजी गेली तिची! घास उतरंल का नरड्याखाली?" मग बायकांकडे वळून, डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बघा, पोटच्यांनी ताटं घेतली, न् नातीनं अन्नाला हात लावला नाय. ह्याला म्हनतात माया."

बायका हळहळल्या. एकीने सानूच्या पाठीवरून हात फिरवला. "द्वारकाबायचं पुण्य गो," दुसरी म्हणाली. आणि मी सानूचं तोंड बघितलं. रडून सुजलेलं होतं, पण त्या शब्दांवर त्यात काहीतरी सैल पडलं. भर उन्हातून आलेल्या माणसाच्या डोक्यावर पाणी ओतावं तसं. ती शाबासकी तिला लागली नव्हती, तिच्या डोक्यातल्या त्या आवाजाला लागली होती. वर्षभर आम्ही त्याला उपाशी ठेवलं होतं, आणि आता माझ्या घरातल्या दहा बायका त्याला भरवत होत्या, चांगल्या मनाने.

मी म्हणालो, "सानू, जेव."

बाय माझ्याकडे वळली. "तू जेवलास?"

माझं ताट पुढ्यात तसंच होतं.

तेवढ्यात महेशने फोन आणून दिला. सावंत होते. दुपारपासून शंभर माणसांनी मला, वाईट झालं, मोठा आधार गेला, असं म्हटलं होतं. सावंत म्हणाले, "आबा, कळलं मला. सानूने काही खाल्लं का?"

मी म्हणालो, "नाही."

"आणि तुम्ही?"

मी ताटाकडे बघितलं.

"आबा, मी उद्या दुपारी येतो. डॉक्टरबाईंना आता फोन करून कळवतो. पण सकाळचं जेवण तुमच्याकडे. ते सुटू देऊ नका." मग जरा थांबून, "द्वारकाबाईंनी आमच्या मुलासाठी एकदा तळलेली मांदेली पाठवली होती. त्याने दोन खाल्ली होती." आणि त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो ते तेव्हा.

झोप कोणाला लागली नाही, पण सगळे पडून होते. फटफटताना मी उठलो. दिव्यात तेल घातलं. मग स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला.

होडीवर बायका नसतात, तिथे आम्ही पुरुषच रांधतो, त्यामुळे भात मला येतो. तांदूळ धुतले, मूठभर मुगाची डाळ टाकली, मऊ शिजवला, मीठ, वर तूप. शिट्टी लावली नाही, टोपातच केला, तरी वास फिरलाच. बाय काठी टेकत दारात आली.

"काय करतंस रे?"

"भात."

"राख गोळा झाली नाय अजून! तिचा जीव घरातच हाय. चूल पेटवतंस?"

"असू दे घरात. तिला बघू दे."

"पाप लागंल, येड्या."

"लागलं तर मला. गॅस मी पेटवलाय, तू नाय."

"एक येळ नाय जेवली पोर, त मरते का?"

मी डाव खाली ठेवला. "हां बाय. मरते. ह्या दुखण्यात पोरी मरतात. डॉक्टरबाईने मला तोंडावर सांगितलंय. काल तू जी माया म्हणालीस ना, ती माया नाय. तेच दुखणं हाय."

बाय माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिने नव्वद वर्षांत किती मयती बघितल्या असतील आणि किती उपास केले असतील, ते सगळं तिच्या डोळ्यांतून जात होतं. "मना कोनी सांगितलं नाय," एवढंच म्हणाली. सांगितलं होतं, तिने ऐकलं नव्हतं, पण ते काढायची ती वेळ नव्हती. ती वळली, काठी आपटत ओटीवर गेली, आणि तिथे जमायला लागलेल्या माणसांना म्हणाली, "आत कोनी जाऊ नका. त्याला साखर हाय, खाल्ल्याबिगर गोळी घेता येत नाय."

मला साखर नाही. रक्तदाबसुद्धा नाही.

सानूला हाक मारली. ती आली, ताटं बघितली आणि दारातच थांबली. "आबा, नाही जाणार मला."

"मलाही नाही जात. बस."

ती बसली. बराच वेळ दोघांनी हात लावला नाही. मग ती खाली बघत म्हणाली, "काल सगळ्या म्हणत होत्या ना, माझी माया, माझं प्रेम. आबा, मला ते ऐकून बरं वाटलं. आजी गेली आणि मला बरं वाटलं. मी घाण आहे."

"घाण नाहीस. मी बघत होतो तुझ्याकडे. बरं वाटलं ते त्याला."

"तुम्हाला कळलं?"

"मग काय. चौथी पास आहे मी."

तिला हसू आलं नाही, पण तिने नाक ओढलं. मी पहिला घास घेतला. ओली रेती तोंडात घेतल्यासारखं वाटलं. पन्नास वर्षं घरातलं माझं ताट बहुतेक द्वारकेनेच वाढलं होतं, आणि आज ते मीच वाढून घेतलं होतं. गिळताना डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं नाही. सानू ते बघत होती. मला वाटतं तिने पहिल्यांदाच कोणाला तरी तिच्यासारखा घास गिळताना बघितलं. मग तिने चमचा उचलला. अर्धा भरला, परत ठेवला, परत उचलला. तोंडात घातला. बऱ्याच वेळाने गिळला.

द्वारकेसारखं बोलायला मला जमलं नाही. आम्ही गप्प खात होतो. बाहेर चपलांचे आवाज वाढले, कोणीतरी खोकलं, कोणीतरी म्हणालं ऊन चढेल. मडकं, दूध, फुलं सगळं तयार होतं, माझ्याशिवाय निघता येत नव्हतं. माझं ताट संपलं. तिचं अर्ध्यावर होतं, आणि ती थांबली होती.

महेश दारात आला. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. "बाबा, सगळे खोळंबलेत. निघू या."

मी सानूकडे बघितलं नाही. महेशला म्हणालो, आणि ओटीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "त्यांना सांग, बसा म्हणावं. सानूचं जेवण चाललंय. झालं की निघू."

बाहेर बायची काठी एकदा वाजली, तेवढीच. महेश उंबऱ्यावर उभा राहिला. मला वाटलं हा आता चिडणार. तो आत आला, भिंतीला पाठ लावून लेकीच्या शेजारी खाली बसला, आणि जरा वेळाने म्हणाला, "भात उरलाय का थोडा?"

टोपात होता. मी उठून त्याला वाढला, आणि परत येऊन सानूच्या समोर बसलो.